पोस्टिंग कुठे लागली?

एमबीबीएसच्या शेवटी येणाऱ्या इंटर्नशिपमधल्या ग्रामीण पोस्टिंगची यादी लागली की माझ्या खोलीच्या दारात मुलामुलींची ये-जा सुरू होते. प्रश्न ठरलेले असतात. मोबाइलला रेंज येते का, शेवटची एसटी किती वाजता सुटते, जेवणाची सोय काय. आणि मुली जरा थांबून, मुलगे बाहेर गेल्याची खात्री करून विचारतात की बाथरूमला आतून कडी आहे ना. सगळ्यात शेवटी एखादा धीट मुलगा मुद्द्याला हात घालतो, "मॅडम, रोज जावंच लागतं का?" सोलापुरात जनवैद्यक, म्हणजे साऱ्या समाजाच्या आरोग्याचा विचार करणारा विषय, शिकवण्यात माझी हयात गेली आहे आणि या प्रश्नांत मला गैर काही वाटत नाही. कडीचा प्रश्न तर मी स्वतः आरोग्य केंद्रावर फोन करून तडीस नेते, कारण जिथे मुलीला निर्धास्तपणे अंघोळ करता येत नाही तिथे तिने मुक्कामाला राहावे अशी अपेक्षा धरणे हा निव्वळ ढोंगीपणा आहे. खटकते ते दुसरेच. तिथे आपल्याला शिकवणार कोण, असे या मुलांपैकी जवळजवळ कोणीच विचारत नाही. तो प्रश्न त्यांना सुचत नाही, कारण खेड्यातल्या दवाखान्यात शिकण्यासारखे काही असते हे साडेचार वर्षांत त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

सांगितले जाते ते सेवेविषयी, आणि सोलापुरात सेवेवर व्याख्यान देणाऱ्याचे काम फार सोपे असते, कारण डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा तरुण मुंबईत डॉक्टर झाला, १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारला. भैय्या चौकातले त्यांचे घर आता स्मारक आहे आणि तिथे नेलेल्या प्रत्येक तुकडीला त्याग या शब्दाचे भरपूर माप मिळते. कोटणीस चिनी भाषा शिकले होते, आघाडीजवळच्या रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय शाळेत ते शिकवत होते आणि तिथल्या विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते, या गोष्टी मात्र व्याख्यानात क्वचितच येतात. साधने तुटपुंजी, रुग्ण बेसुमार, आणि त्यातच हाताखालच्या पोरांना तयार करायचे, अशा ठिकाणी वैद्यक कसे शिकवायचे हे ज्याला उमगले होते तो कोटणीस आमच्या विद्यार्थ्यांना भेटतच नाही. हार घातलेला फोटो तेवढा भेटतो.

डॉक्टर होऊ घातलेल्यांना खेड्यात पाठवण्याची कल्पना जुनीच आहे. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे सांगणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली होती. १९७७ मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय शिक्षणाला गावाकडे वळवणारी एक योजना आणली आणि प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी असे ठरवले. ती कालांतराने विरून गेली. आजच्या नियमांनुसार बारा महिन्यांच्या इंटर्नशिपमधले बारा आठवडे जनवैद्यकासाठी राखलेले आहेत, पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचे आहे, आणि २०२१ च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढावे लागतात. कागद पाहिला तर उणे काही नाही.

प्रत्यक्षात त्या बारा आठवड्यांचे काय होते हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बहुतेक इंटर्न अप-डाउन करतात. सकाळची गाडी पकडून केंद्रावर जायचे, हजेरी लावायची, ओपीडीत एका कोपऱ्यात खुर्ची मिळाली तर बसायचे आणि दुपारची गाडी पकडून सोलापुरात परतायचे. खुर्चीत बसल्यावर मोबाइलवर पीजीच्या प्रवेश परीक्षेचे प्रश्न सोडवायचे. त्या परीक्षेच्या गुणांवर पुढचे सारे आयुष्य ठरते, तिच्यात सापाच्या विषाचा एखादा प्रश्न येतो पण साप चावलेला माणूस येत नाही, आणि इंटर्नशिपचे वर्ष हीच अभ्यासाची शेवटची संधी असते. मग त्या मुलाने मोबाइलमध्ये डोके घातले तर त्याला कामचुकार म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूला केंद्राचे वैद्यकीय अधिकारी असतात. मैदानी भागात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे प्रमाण आहे, आणि या तीस हजारांची ओपीडी, लसीकरण, बाळंतपणे, शवविच्छेदने, शाळातपासण्या, तालुक्याच्या मीटिंगा आणि रोज संध्याकाळी भरायची पोर्टले एवढे सगळे त्यांच्या डोक्यावर असते. त्यांना कोणी शिक्षक म्हणून नेमलेले नाही, शिकवण्याचा वेळ कोणी मोजत नाही, पदाच्या नावात त्याची खूण नाही. अशा माणसासमोर आपण दर काही आठवड्यांनी चार नवी पोरे नेऊन उभी करतो आणि वर त्यांनी मुलांना घडवावे असेही म्हणतो. मग दोन्हीकडून पाट्या टाकल्या जातात. लॉगबुकवर सह्या होतात, सर्टिफिकेट मिळते, आणि आम्ही महाविद्यालयात बसून उंटावरून शेळ्या हाकतो.

तिथे शिकण्यासारखे काय असते, हे सांगायला मला एक रात्र पुरते. पावसाळा संपत आला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या शिबिरासाठी मी दोन इंटर्न मुलींसह केंद्रावरच मुक्कामाला होते. आमच्या भागात शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, आणि रात्रपाळी असली की शेतकऱ्याला उसाची दारे धरायला रात्रीच जावे लागते. असाच एक चाळिशीचा गडी दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसून आला. घोट्याच्या वर सुतळी करकचून आवळलेली, पायावर दाताच्या दोन खुणा, सूज पिंढरीकडे चढू लागलेली. बरोबरच्यांनी साप पाहिला नव्हता. बॅटरीच्या उजेडात काहीतरी जाड, आखूड सरकले एवढेच त्यांना सांगता येत होते.

इंटर्नपैकी एकीने थेट ॲन्टिव्हेनमची, म्हणजे सर्पविष उतरवणाऱ्या औषधाची, बाटली मागितली. वैद्यकीय अधिकारी तिशीतला मुलगा होता, आवाज न चढवता बोलणारा. त्याने तिला थांबवले आणि दोन मिलिलिटर रक्त काढायला सांगितले. सिस्टरने कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला, त्यात नव्या कोऱ्या काचेच्या परीक्षानळ्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. "प्लास्टिकची चालत नाही, आणि धुतलेली तर मुळीच नाही," सिस्टरनेच सांगितले, "साबणाचा अंश राहिला की रक्त गोठत नाही, मग आपण उगाच घाबरतो." नळीत रक्त भरले, ती स्टँडमध्ये उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाची वेळ केसपेपरवर लिहिली. वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही, हलवून बघायचे नाही.

त्या वीस मिनिटांत जे शिकवले गेले ते मी वर्षभराच्या व्याख्यानांत शिकवू शकले नसते. तो अधिकारी मुलींना रुग्णाच्या पापण्या बघायला सांगत होता, कारण नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर चढते आणि पापण्या आधी जड होतात. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठू देत नाही, म्हणून हिरड्या बघा, लघवीचा रंग विचारा. मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो, खूणही दिसत नाही, आणि जमिनीवर झोपणारा माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून येतो तेव्हा ॲसिडिटीची गोळी देऊन परत पाठवू नका, हे त्याने दोनदा सांगितले. सुतळी लगेच कापायला त्याने मनाई केली. सलाईन लावल्यावर, औषध सुरू करून, आपण शेजारी उभे असतानाच ती सैल करायची, कारण अडलेले विष एकदम वर चढू शकते. घड्याळाचा काटा पुढे सरकला, मुलीने नळी कलती केली आणि रक्त पाण्यासारखे वाहिले.

पुढचे सारे ठरल्याप्रमाणे झाले. ॲन्टिव्हेनमच्या दहा बाटल्या सलाईनमधून तासाभरात द्यायच्या, औषधाची रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रिनलिन आधीच सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचे, पुरळ किंवा थंडी दिसली की थांबवायचे, आणि रेफर करायचा झाला तर पहिला डोस सुरू केल्यावरच १०८ च्या रुग्णवाहिकेत घालायचे. रिकामा रुग्ण पुढे पाठवायचा नाही, हे वाक्य त्या अधिकाऱ्याचे. तो गडी वाचला. ज्या मुलीने नळी कलती केली तिने त्यानंतर पोस्टिंगचे उरलेले दिवस अप-डाउन केले नाही. तिला सेवेची ओढ लागली असे मी म्हणणार नाही. तिला काम येऊ लागले होते, आणि ज्याला काम येते त्याला तिथे थांबावेसे वाटते.

असे ज्ञान केंद्रावर बसूनच तयार होते, याचा सर्वांत मोठा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा कोकणातला लाल विंचू चावलेली तरणीताठी माणसे आणि पोरे त्यांच्या डोळ्यांदेखत फुप्फुसात पाणी भरून दगावत होती. रात्र रात्र रुग्णाजवळ बसून त्यांनी नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी ठेवल्या, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे औषध या विषावर लागू पडते हे दाखवले आणि १९८६ साली ते लॅन्सेट या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हा शोध लागणे कठीण होते, कारण विंचू चावलेला रुग्ण तिथपर्यंत जिवंत पोहोचतच नसे. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुले वहीत 'प्राझोसिन' लिहून घेतात. 'बिरवाडी' कोणी लिहून घेत नाही.

खेड्यात शिकवणारा नेहमी डॉक्टरच असतो असेही नाही. अनेकदा तो नसतोच. बाळंतपणाच्या टेबलाशी इंटर्नला खरे शिकवते ती सिस्टर. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत आईला रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन, बाळ पुसून थेट आईच्या छातीवर, वार पडली की ती उलटून पूर्ण आहे का हे बोटांनी चाचपून बघणे, आणि मग तासभर गर्भाशय कडक आहे की सैल पडते आहे याकडे लक्ष, ही सगळी शिस्त तिच्या हातात मुरलेली असते. तिच्या मागोमाग आशाताईंबरोबर वस्तीवर फिरलेल्या विद्यार्थ्याला कळते की कोणत्या घरात सून गरोदर आहे पण सासू नोंद करू देत नाही, कोणाचा बीपीचा गोळ्यांचा डबा महिना झाला तरी भरलेलाच आहे. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या कडेच्या गावांत म्हाताऱ्या बायका कानडीतूनच दुखणे सांगतात आणि नांदेडचा किंवा ठाण्याचा इंटर्न तिथे शब्दशः मुका होतो, मग औषधनिर्माता किंवा शिपाई दुभाषी होतो, आणि दोन आठवड्यांत त्या मुलाला निदान "ऊटा आयता?" म्हणून जेवण विचारता येऊ लागते. निम्मी ओपीडी तेवढ्यावर मोकळी बोलू लागते.

आणखी एक अवघड विद्या म्हणजे नाही म्हणण्याची. ऊसतोडीच्या हंगामात फडावरून आलेला मजूर म्हणतो, "अंगात कणकण हाय, हातपाय गळाल्यात, सलाईन लावा." त्याला सलाईनची गरज नसते. पण आज एक दिवसाची मजुरी बुडवून तो आला आहे, गोळ्यांच्या पुडीने त्याचे समाधान होणार नाही, आणि आपण नाही म्हणालो तर तो रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात पैसे देऊन ती बाटली लावून घेणार. त्याला बसवून, हिमोग्लोबिन तपासून, मीठ-साखरेचे पाणी समोर प्यायला लावून, उद्या काम नको असे न सांगता दुपारचे काम सावलीत कसे करता येईल हे बोलायचे, याला पुस्तक नाही. बीड, धाराशिवकडून आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येणाऱ्या या टोळ्यांतल्या बायकांची गर्भाशये कोवळ्या वयात काढली जातात, या बोंबेनंतर २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्या बायका फडावरच्या पालात असतात, फडाच्या सर्वांत जवळ केंद्र असते, आणि केंद्रात आमचा इंटर्न असतो. त्याने एकदा त्या पालापर्यंत जाऊन पाळीच्या तक्रारी नीट ऐकून घेतल्या, तर ऑपरेशन सोडून इतर उपाय असतात हे सांगणारे कोणीतरी त्या बाईला भेटेल.

दुर्गम म्हणजे काय, याचाही घोळ आहे. भामरागडचे दुर्गमपण वेगळे, आणि ऑस्ट्रेलियात, जिथे १९२८ पासून क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून डॉक्टर विमानाने रुग्णाकडे जाऊ लागले, तिथले तर आमच्या कल्पनेपलीकडचे. सोलापूर जिल्ह्यात रस्ते आहेत, १०८ येते, बहुतेक गावांतून तासा-दीड तासात कुठले ना कुठले मोठे रुग्णालय गाठता येते. पण रात्री नऊनंतर मंजूर दोन डॉक्टरांपैकी एकही मुक्कामी नसेल, तर करमाळ्याकडचे एखादे गाव पाहता पाहता दुर्गम होते आणि सकाळी आठच्या ओपीडीला पुन्हा सुगम होते. नकाशावर हे दिसत नाही. जागा भरलेली आहे असे अहवालात लिहिलेले असते, आणि ते खोटेही नसते.

इतरांनी काय केले ते पाहिले की आपली अडचण पैशांची कमी आणि मनाची जास्त आहे असे वाटू लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ मध्ये रिव्हरलँड या ग्रामीण भागात एक प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांनी एक अख्खे वर्ष तिथल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या दवाखान्यात आणि लहान रुग्णालयांत काढायचे आणि मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग असे सगळे विषय समोर येतील त्या रुग्णांवरून एकत्रच शिकायचे. परीक्षेत ही मुले मोठ्या रुग्णालयात शिकलेल्यांच्या मागे पडली नाहीत, उलट पुढेच राहिली. जपानने १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ काढले. तिथे प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुले निवडतात, त्यांची फी प्रांत भरतो आणि त्यांनी नऊ वर्षे आपल्या प्रांतात, त्यातली बरीच दुर्गम भागात, काढायची असतात. जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून हेच सांगत आली आहे की ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी निवडा आणि त्यांना शिकताना ग्रामीण भागात ठेवा. इतके लांब जायचेही कारण नाही. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना एका गावात मुक्कामी नेते. आमच्या करमाळ्यापासून फार लांब नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगभरचे विद्यार्थी तिथे शिकायला येतात. सोलापूरहून किती जातात, हे मी लिहायला नको.

या सगळ्यात बार्शीचे मला फार अप्रूप आहे. सोलापूरपासून सत्तर किलोमीटरांवरच्या या तालुक्याच्या गावी १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून, कोणाला कुठला कॅन्सर झाला, कधी कळले, पुढे काय झाले याची नोंद ठेवणारी माणसे तिथे तयार झाली. त्याच बार्शीतल्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाच्या साथीने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना तिच्यात सामावून घेतले होते. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतात, हा तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगाच्या धोरणांत पोहोचला. ज्वारीच्या शेतातून हात धुऊन आलेल्या, घराच्या ओसरीवर आरोग्यसेविकेशी बोलून मग तपासणीला तयार झालेल्या बायकांच्या भरवशावर हे ज्ञान उभे आहे. ज्याला संशोधन करायचे आहे त्याने पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे, असे आमच्या हुशार मुलांना अजून वाटते.

पोस्टिंगच्या यादीत एक मोठी फटही आहे. जिल्ह्यातला ग्रामीण रुग्ण प्रत्यक्षात जातो कुठे, तर गावातल्या बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरकडे, आणि गंभीर झाला की बार्शी, पंढरपूर, अकलूज, सांगोल्यातल्या एखाद्या नवरा-बायकोच्या रुग्णालयात. नवरा फिजिशियन, बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, वर घर, खाली दवाखाना, आणि रात्री दोनला बेल वाजली की कोणीतरी खाली उतरतेच. ही जोडपी ग्रामीण वैद्यकाचा कणा आहेत, आणि आमचा एकही विद्यार्थी अधिकृतपणे त्यांच्याकडे शिकायला जात नाही. त्यांच्यातल्या काहींची बिले, काहींची सिझेरियन आणि काहींची कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवण्यावरचे कमिशन, यांविषयी माझी मते बरी नाहीत. तरीही ज्याला तालुक्याच्या गावी आयुष्य काढायचे आहे त्याने तिथले हिशेब, तिथली भीती आणि तिथले कौशल्य हे सगळे एकदा जवळून पाहिलेले बरे. तीच गोष्ट उपकेंद्रांची. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. बी.एस्सी. नर्सिंग किंवा बीएएमएस झालेली ही मुले-मुली सहा महिन्यांचा जोड-अभ्यासक्रम करून येतात आणि मधुमेह, रक्तदाबाचे रुग्ण महिनोन्‌महिने सांभाळतात. आमचे एमबीबीएसचे विद्यार्थी त्यांच्याकडे जरा वरून बघतात. पंढरीच्या वाटेवर, आषाढीच्या आधी पालखीतळावरच्या मदतकेंद्रात, अनवाणी चालून पायाला फोड आलेल्या आणि गोळ्या घरीच विसरलेल्या मधुमेही वारकऱ्यांची रांग लागते तेव्हा हा वरपणा आपोआप उतरतो, कारण त्या पायांचे काय करायचे हे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला येत असते आणि इंटर्न त्याच्याकडे बघत उभा असतो.

आता नोकरीचे. पोस्टिंगमध्ये गोडी लागली तरी पुढची वाट दिसत नसेल तर ती गोडी इंटर्नशिपबरोबरच संपते. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाच्या सरकारी सेवेचे बंधपत्र असते, आणि दहा लाख रुपये भरून त्यातून सुटण्याचा रस्ता अनेक तुकड्यांनी धरला. त्या वर्षाकडे दंड म्हणूनच पाहिले जाते; दंडाच्या जागी कोणी रमत नाही. कंत्राटी पदावर अकरा महिन्यांच्या आदेशावर काम करणाऱ्या डॉक्टरने गावात घर करावे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्यातल्या त्यात एक बरे झाले. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केला, आणि २०२२ मध्ये महाराष्ट्राने शासकीय व महापालिका महाविद्यालयांत अशा २० टक्के जागा ठेवल्या. केंद्रात काही वर्षे काढलेल्या माणसाला मेडिसिन किंवा स्त्रीरोग करून परत ग्रामीण रुग्णालयात येता येते, ही शिडी आता खरी आहे. तिची माहिती मी पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी देते. त्याग वगैरे शब्द त्या तासाला मी वर्गात येऊच देत नाही.

सापाच्या रात्रीची ती मुलगी पुढे जिल्ह्यातल्याच एका केंद्रावर वैद्यकीय अधिकारी झाली. तिचे वडील एकदा मुद्दाम मला भेटायला आले. साखर कारखान्यात क्लार्क असलेले, मोजके बोलणारे गृहस्थ. "मॅडम, पोरीनं तिथं राहून पुढं काय?" एवढेच त्यांनी विचारले. मी त्यांना सेवेतल्या राखीव जागा सांगितल्या, तालुका आरोग्य अधिकारी होण्याचा क्रम सांगितला, क्वार्टरची दुरुस्ती मंजूर झाल्याचे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आणि जावईबापू? त्यांची बँकेतली नोकरी सोलापुरात. नात आता बालवाडीत हाय, तिथल्या शाळेत घालायची व्हय?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि आरोग्य खात्याकडेही नाही, त्यासाठी शिक्षण खाते, एसटी महामंडळ आणि बँकेचे बदली-धोरण यांना एका टेबलाशी बसवावे लागेल.

त्या मुलीने आणि तिच्या नवऱ्याने शेवटी आपले गणित मांडले. घर तालुक्याच्या गावी घेतले, कारण तिथे बरी शाळा आहे. नवरा रोज सोलापूरला अप-डाउन करतो. ती आठवड्यातल्या तीन रात्री केंद्रावर मुक्काम करते, उरलेल्या रात्री दुसरा डॉक्टर असतो आणि तो नसेल तर सिस्टरचा फोन तिलाच येतो. यंदाच्या यादीतले दोन इंटर्न मी तिच्याकडे पाठवले आहेत. मुक्कामाची अट तिने स्वतः घातली, आणि कडी बसवून घेतल्याचा फोटो पहिल्याच दिवशी मला पाठवला. शिकवल्याचा मोबदला तिला मिळावा म्हणून मी विद्यापीठाला आणि जिल्हा परिषदेला अर्ज केले आहेत. एका ठिकाणाहून पोच आली आहे, दुसऱ्या ठिकाणी टेबल बदलले म्हणून पुन्हा अर्ज करायला सांगितले आहे.